पुनर्विकास आणि 'ग्रीन बिल्डिंग': यात इंजिनियर नेमकं करतो काय?

वळचण
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडची, १९८६ सालची. तळमजला अधिक तीन, बत्तीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची गाडी एकदाची हलली आहे आणि तीन बिल्डरांचे प्रस्ताव आलेत. तिन्ही माहितीपत्रकांवर हिरवं पान, त्यावर पाण्याचा थेंब, खाली 'प्री-सर्टिफाइड ग्रीन'. इमारतही थोड्याफार फरकाने तीच: खाली तीन मजले पार्किंग, वर पंधरा मजले, मजल्याला चार फ्लॅट.

सादरीकरणाला आर्किटेक्ट आले होते, इंटिरियरच्या बाई होत्या, मार्केटिंगचे दोघे होते. मी विचारलं, स्ट्रक्चरल इंजिनियर कुठे आहेत? "प्लॅन मंजूर झाले की त्यांचं काम सुरू होतं." बरं, हे ग्रीनचं कोण बघतं? "त्याचे कन्सल्टंट वेगळे असतात, ते फाइल करतात."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बांधकामातलं मला कळत नाही. पण घर कमी तापावं, वीज-पाणी कमी लागावं हे शेवटी गणिताचं काम, म्हणजे इंजिनियरचं, अशी माझी समजूत. इथे तर तो वरातीमागून घोडं. हे असंच चालतं का? आणि करारावर सह्या व्हायच्या आधी आम्ही काय मागून घ्यावं? 'सगळं थोतांड आहे' असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, फक्त कारण द्या.

उगाच
रुमाल टाकून ठेवतो. पुनर्विकासाचा धागा म्हणजे दोनशे प्रतिसाद कुठे गेले नाहीत.

तिरकस
थोतांड. कारण: आमच्या 'गोल्ड' ग्रीन रेटिंगच्या इमारतीतल्या लॉनला उन्हाळ्यात टँकर लागतो.

लोखंडी_सळई
वळचणकाका, असंच चालतं. स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, रोजचा अनुभव सांगतो.

आम्हाला पहिला फोन येतो तेव्हा प्लॅन महापालिकेत दाखल झालेले असतात. फ्लॅट किती, बाल्कनी कुठे, गाड्या किती, सगळं ठरलेलं. मग आम्ही कॉलम शोधायला बसतो. तुमच्याकडे खाली तीन मजले पार्किंग म्हणताय ना? वर बेडरूमची भिंत जिथे येते, बरोबर तिथे खाली गाडी वळवायची जागा असते. कॉलम सरळ खाली नेता येत नाही. म्हणून पार्किंगच्या डोक्यावर ट्रान्स्फर बीम टाकायचे आणि वरचे पंधरा मजले त्यांच्यावर उभे करायचे. दीड-दोन मीटर खोल बीम. आत सळया इतक्या दाट की व्हायब्रेटरची सुई घालायला जागा शोधावी लागते. ओतायला दिवस कमी पडतो, खालचा टेकू महिनाभर काढता येत नाही. एवढ्या काँक्रीटने कुणाला एक खोली जास्त मिळत नाही. वरचा नकाशा आणि खालचा नकाशा वेगवेगळ्या दिवशी काढला, त्याचा हा दंड.

आता याचा ग्रीनशी संबंध. सिमेंटची भट्टी साधारण १४५० अंशांवर चालते, पण निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतून सुटतो. उद्या भट्टी उन्हावर चालवली तरी तेवढा निघणारच. माणूस जगभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. म्हणजे छपरावर चार सौर पॅनल लावण्यापेक्षा तो एक ट्रान्स्फर मजला टाळणं मोठं काम आहे. पण ते पहिल्या पंधरवड्यातच हातात असतं. प्लॅन मंजूर झाल्यावर मला कुणी 'ग्रीन करा' म्हटलं तर मी सिमेंटचा प्रकार बदलू शकतो, बास.

गिलावा
सळईसाहेब, साइटवरून विचारतो. बिल्डर तुम्हाला एकच प्रश्न विचारतो, 'स्क्वेअर फुटाला किती किलो बसलं?' चारच्या आत आणा म्हणून मागे लागतो. मग लोखंड वाचलंच की. ग्रीन आपोआप झालं! 😀

लोखंडी_सळई
@गिलावा, वर्मावर बोट ठेवलंत. तो काटकसर मागतो ती स्लॅबच्या जाडीत. पाच इंचांचा साडेचार करा, तिथे आम्ही हात जोडतो. पण ट्रान्स्फर मजला काढू, त्यासाठी पार्किंग थोडं फिरवावं लागेल, दोन गाड्या कमी होतील म्हटलं की विषय बंद.

दुसरी बाजूही सांगतो, आमच्या जमातीची. फी चौरस फुटावर, तीही घासाघीस करून. स्टॅबिलिटीच्या कागदावर सही आमची. वाचवलेल्या काँक्रीटचा आम्हाला एक पैसा नाही आणि काही झालं तर पोलीस आमच्या दारात. त्यामुळे बरेच जण गणितात सुरक्षिततेचे गुणक असतात त्याच्यावर आणखी थोडा हात राखून ठेवतात. त्यांना दोष देत नाही. पण निम्म्या ताकदीवर काम करणारे बीम प्रत्येक मजल्यावर तसेच कॉपी-पेस्ट झालेले मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं.

थंडोबा
सळईंशी सहमत, पण रहिवाशाला कार्बनपेक्षा मे महिना जवळचा. काका, भिंत कशाची आहे ते विचारलंत का?

पंधरा मजले म्हणजे बहुतेक 'मायव्हान' असणार. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओततात, विटांचं काम नाहीच. बाहेरची भिंत १५०-१६० मिलिमीटर काँक्रीटची. उष्णता भिंतीतून किती सहज आत येते ते मोजायला आम्ही यू-व्हॅल्यू वापरतो. एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला, किती वॅट. अशी काँक्रीटची भिंत साधारण पावणेचार. जुनी नऊ इंची वीट, दोन्हीकडून गिलावा, दोन-सव्वादोन. आठ इंची एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ठोकळा), पाऊण. आकडा जितका लहान तितकं बरं. म्हणजे तुमच्या आत्ताच्या १९८६च्या विटेच्या भिंतीपेक्षा नवीन 'ग्रीन' भिंत जवळपास पावणेदोनपट उष्णता आत घेईल. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री दहाला भिंतीवर तळहात ठेवा, अजून कोमट लागते.

यावर नियम नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. त्यात बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता एका आकड्यात मोजतात, आरईटीव्ही. थंड हवामान सोडून बाकी सगळीकडे तो चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवा. हे गणित एक इंजिनियर दोन दिवसांत करून देतो. बिल्डरला फक्त एवढंच विचारा: "आमच्या इमारतीचा आरईटीव्ही किती?" चेहरा बघत राहा.

शटरिंगवाला
थंडोबा, एकतर्फी होतंय. मायव्हानला शिव्या द्यायची फॅशन आलीय.

गवंडी आणून दाखवा मला. चांगला वीटकाम करणारा माणूस आता सापडत नाही, सापडला तर दिवाळीला गावी जातो तो शिमग्यानंतर उगवतो. मायव्हानमध्ये आठ-दहा दिवसांना एक स्लॅब. बत्तीस कुटुंबं भाड्याच्या घरात बसणार, त्यांना विचारा वर्ष आधी ताबा हवा की दोन अंश गारवा. भिंतीतून गळती जवळपास नाही. भूकंपात सगळी इमारत एक डबा बनून वागते, याहून चांगलं काय? आणि तुमचे एएसी ब्लॉक! पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक बीमखाली आडवी रेघ. माझ्याकडे तक्रारींचं रजिस्टर आहे.

गिलावा
त्या रेघेचं सांगतो, कारण ती मारणारे आम्हीच.

एएसी ब्लॉकला तीन-चार मिलिमीटरचा चिकट मसाला लागतो, पोत्यात तयार येतो. साइटवर तो महाग म्हणून नेहमीचंच वाळू-सिमेंट अर्धा इंच लावतात. ब्लॉक स्पंजासारखा, त्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतो, मसाला भुसभुशीत राहतो. भिंत एका दिवसात बीमपर्यंत नेऊन ठोकतात, वरचा शेवटचा थर बसायला वेळ देत नाहीत. जिथे ब्लॉक आणि आरसीसी भेटतात तिथे जाळी मारायची असते, ती कुठे मारतात कुठे नाही, गिलाव्याखाली कोण बघतंय. मग रेघ येणार नाही तर काय येणार. ब्लॉक बिचारा बदनाम.

हे सगळं ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं हो. पण ज्याने लिहिलं तो साइटवर येतो फक्त स्लॅब चेकिंगला. सळया मोजतो, कव्हर बघतो, चहा पितो, जातो. भिंत त्याच्या कामात धरतच नाहीत.

थंडोबा
@शटरिंगवाला, वेग आणि भूकंप हे दोन्ही मुद्दे मान्य. मायव्हान नकोच असं माझं म्हणणं नाही. ज्या भिंतीवर इमारत उभी आहे ती काँक्रीटचीच असू दे. पण पश्चिम आणि पूर्वेकडच्या भिंतीला आतून पातळ ब्लॉक किंवा इन्सुलेशन, बाहेरून फिका रंग आणि खिडकीवर खरोखर सावली पाडणारा सज्जा, एवढं केलं तरी १५च्या आत येतं. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर उत्तरेकडे झुकतो. त्यामुळे नुसत्या दक्षिणेला सज्जा काढून भागत नाही. खरा शत्रू दुपारी तीन ते सहा पश्चिमेचा. तिथे आडवा सज्जा कमी पडतो, बाहेरून सरकती झडप किंवा जाळी लागते. वाड्यांच्या खिडक्यांना होत्या तशा.

आता बघा, यातलं काय उशिरा करता येतं? रंग. बाकी सगळं, इमारतीचं तोंड कुठे, खिडकी केवढी, जिना आणि लिफ्ट पश्चिमेला टाकता येतात का, हे पहिल्याच स्केचवर ठरतं.

जांभा
आमच्या रत्नागिरीला जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, वर कौलं, चहूबाजूंनी पडवी. ना यू-व्हॅल्यू ना आरईटीव्ही. मे महिन्यात दुपारी पडवीत घोरून दाखवतो, या.

तिरकस
येतो, पण पंधरा मजली पडवी बांधून ठेवा.

माळवद
जांभा, जुनी घरं गार असतात हे खरंच. मी उमरग्याचा. आमच्याकडे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर, गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर आणखी माती. उन्हाळ्यात आत शिरलं की कूलर लावल्यासारखं.

आणि त्याच घरांनी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं गाडली. किल्लारी, सास्तूर, सगळा तो पट्टा. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. भिंत दिसायला दोन फुटांची, पण खरी दोन पदरांची, मध्ये मुरूम-खडी. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आडवा लांब दगडच नाही. जमीन हलली तशी भिंत आतून-बाहेरून उकलली आणि डोक्यावरची टनावारी माती खाली. त्यानंतर आमच्या भागात मातीचं घर हा विषयच संपला. पत्र्याची किंवा स्लॅबची खोली, मेमध्ये भट्टी. पण आई म्हणते, तापली तरी चालेल.

शहाणा इंजिनियर इथे हवा होता असं मला नेहमी वाटतं. मातीच्या आणि दगडाच्या घरांना भूकंपात कसं टिकवायचं याची भारतीय मानकं त्याच साली, १९९३ला, आली. काय लागतं? ते आडवे लांब दगड, कोपऱ्यांना बांधणी, भिंतीच्या डोक्यावर सलग पट्टा, माळवदावरची माती कमी. म्हणजे गार घर आणि टिकणारं घर एकच असू शकतं. पण हे सांगायला गावात कोण आलं? आला तो कॉन्ट्रॅक्टर.

चुनखडी
माळवद, प्रतिसाद आवडला. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात केरळात स्वस्त घरं बांधणाऱ्या लॉरी बेकरांचं नाव एका ओळीत येतं, पण रॅट-ट्रॅप बॉण्ड कुणी बांधून बघायला लावत नाही. वीट पालथी न ठेवता कडेवर उभी लावायची, मध्ये पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. मी सुट्टीत केरळात जाऊन बघून आले.

सळईकाका, सिमेंटचा प्रकार बदलणं 'बास' का म्हणता? एलसी३ आहे ना. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ गोळा, निम्मा, बाकी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड. माती ७००-८५० अंशांवरच भाजायची असते. स्वित्झर्लंडचं ईपीएफएल, क्युबातले संशोधक आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटी यांनी मिळून हे उभं केलं. २०२३ला त्याचं भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९. माझा प्रोजेक्ट त्यावरच आहे.

लोखंडी_सळई
@चुनखडी, शाब्बास. मी 'बास' म्हणालो कारण एलसी३ अजून तुझ्या-माझ्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर मागितलं की मिळत नाही. मिळतं ते राख घातलेलं पीपीसी आणि स्लॅगचं सिमेंट. ते मी लिहून देतोच. पुढे काय होतं ऐक. राखेचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, पाणी जास्त दिवस मारावं लागतं. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान सात दिवस म्हणतं, मिश्र सिमेंटला दहा. साइटला घाई. मग फोन येतो, "साहेब, ओपीसी ५३ मारू का? साचा लवकर निघेल." वेग विकला जातो, त्याची किंमत कार्बनमध्ये. म्हणून म्हणतो, सिमेंट बदलायचं तर वेळापत्रकही इंजिनियरला विचारून करायला हवं. तो अधिकार त्याला आज नाही.

थेम्सकाठी
लंडनहून. मूळचा ठाण्याचा, इथे स्ट्रक्चर्समध्येच आहे.

इथे गेल्या काही वर्षांत आमचं काम खरंच बदललंय. २०२१च्या लंडन प्लॅनपासून मोठ्या प्रकल्पांना संपूर्ण आयुष्याचा कार्बन हिशेब द्यावा लागतो. बांधताना किती, वापरात किती, पाडताना किती. त्यामुळे पहिल्या बैठकीतच प्रश्न येतो: पाडायचंच का? ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मार्क्स अँड स्पेन्सरचं जुनं दुकान पाडायचा प्रस्ताव होता, सरकारने जुलै २०२३मध्ये तो नाकारला, कारणांत कार्बनचा मुद्दा होता. कोर्टाने २०२४च्या मार्चमध्ये तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबरमध्ये नव्या सरकारने परवानगी दिली. निकाल काहीही लागो, त्या प्रकरणात स्ट्रक्चरल इंजिनियरचे अहवाल वर्तमानपत्रात चर्चेला आले. आधी असं झालेलं मला आठवत नाही.

वळचण, म्हणून विचारतो. १९८६ची चार मजली इमारत. कुणी तपासली का? कदाचित बाहेरून लिफ्ट आणि थोडी डागडुजी एवढ्यात काम भागेल.

आजीबाईचा_बटवा
लंडनच्या भावा, गुडघ्याच्या दोन वाट्या बदलून तिसऱ्या मजल्यावर भाजी घेऊन चढ आणि मग कार्बन मोज.

उगाच
आजी 🙏

वळचण
थेम्सकाठी, प्रश्न रास्त आहे. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय. बाल्कन्यांच्या सळया उघड्या पडल्यात, टाकीखालचे कॉलम फुगलेत. अहवालात दुरुस्ती शक्य म्हटलंय, पण खर्च सभासदांच्या खिशातून. पुनर्विकासात खर्च बिल्डरचा, वर जागा जास्त. बत्तीसपैकी कुणी दुरुस्तीला मत दिलं असतं असं मला वाटत नाही. मीही दिलं नसतं.

थेम्सकाठी
समजलं. एफएसआयसमोर (प्लॉटवर किती बांधायला मिळतं त्या हिशेबासमोर) कार्बन हरणारच. मग निदान राडारोडा कुठे जाणार ते विचारा. खडी-वाळूचं मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६च्या आवृत्तीत जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी वापरायला परवानगी आहे. आरसीसीत एम-२५ ताकदीच्या काँक्रीटपर्यंत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५. तुमचीच इमारत तुमच्या पार्किंगच्या फरसबंदीखाली जाऊ शकते. नाहीतर रात्री ट्रक भरून नदीकाठी.

सचिव_नाइलाजाने
भिंती झाल्या, सिमेंट झालं, आता माझं गाऱ्हाणं ऐका. चारशेवर फ्लॅटची सोसायटी, पश्चिम पुण्यात. नाव नको.

आमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. कागदावर माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ४५ फ्लशला, ते सगळं शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून. वेगळी पाइपलाइनसुद्धा टाकलीय. छान. पण यंत्रणा चारशे घरांच्या हिशेबाने बसवली आणि पहिली दोन वर्षं राहायला आली सत्तर-ऐंशी कुटुंबं. एसटीपीत घाण खातात ते जिवाणू. त्यांना खायलाच पुरेसं नाही, आणि हवा मारणारा ब्लोअर मात्र चारशे घरांच्या ताकदीने चोवीस तास सुरू. जिवाणू मेले, वास सुटला, वीजबिल सोसवेना. ऑपरेटरने काय केलं? ब्लोअर बंद. कुणी तपासायला येणार असेल तेव्हा चालू. आणि फ्लशला टँकर!

ज्या इंजिनियरची डिझाइनवर सही होती त्याला ताबा मिळाल्यावर कुणी पाहिलेला नाही. शेवटी आम्ही पदरचे पैसे घालून दुसरा माणूस आणला. त्याने टाकीत भिंत घालून दोन भाग केले, एक भाग रिकामा ठेवला, ब्लोअरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावला, पाणी मोजायला मीटर बसवले. आता चालतं. एवढंच पहिल्या दिवशी केलं असतं तर? दोन छोट्या टाक्या, भरतील तशा सुरू करा. शाळेतल्या मुलाला सुचेल.

थंडोबा
@सचिव, शाळेतल्या मुलाला सुचेल, पण मंजुरीसाठी एकच कागद लागतो: पूर्ण क्षमतेचा. तेवढा दिला की डिझाइनरची फी संपते. इमारत चालू झाल्यावर वर्षभर कुणी मोजायचं हे कुणाच्याच करारात नसतं.

वळचणकाका, तुमची इमारत २०,००० चौरस मीटरच्या आतच बसेल, म्हणजे २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागणार नाही. त्यातल्या अटीही तुम्हाला लागू होणार नाहीत. जे काय हवं ते करारातूनच मिळवायचं.

मोजण्यावरून आठवलं. हैदराबादला इन्फोसिसने २०११च्या सुमारास एक इमारत मुद्दाम दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीचं पण चांगल्या प्रतीचं एसी, दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये पाइप टाकून त्यातून गार पाणी. तेच ऊन, तसंच काम. पाइपवाल्या भागाला वातानुकूलनाची वीज साधारण एक तृतीयांशाने कमी लागली. आणि पाइप स्लॅबमध्येच घालायचे म्हणजे काय? स्लॅब ओतायच्या आधी एसीवाला आणि सळईवाला एका टेबलावर. आमच्या धंद्यात हे दुर्मिळ दृश्य आहे.

लोखंडी_सळई
दुर्मिळ कसलं, मी तुमच्या जमातीला पहिल्यांदा भेटतो ते बीमला भोक पाडायची परवानगी मागायला येता तेव्हा. 😀

तिरकस
हे सगळं ऐकून पटायला लागलंय की थोतांड फाइलीत आहे, बाकी काम खरं आहे. सौरचं बोला आता. माहितीपत्रकात 'सौरऊर्जेवर चालणारी इमारत' असतंच.

थंडोबा
हिशेब करू. मजला साधारण ६०० चौ. मी. धरा, तेवढंच छत. टाक्या, लिफ्टची खोली, जिना, मोकळी वाट सोडून ३०० उरले. किलोवॅटला दहा चौ. मी., म्हणजे ३० किलोवॅट. किलोवॅटला रोज सरासरी चार युनिट, एकूण १२०. साठ घरं. घराला दोन युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा बराचसा भाग निघेल, आणि सोसायटीच्या सामायिक वापराला केंद्राच्या २०२४च्या सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, ते नक्की घ्या. पण 'सौरऊर्जेवर चालणारी इमारत' नाही. मजले वाढतात, छत तेवढंच राहतं.

पावसाच्या पाण्याचंही तसंच. पुण्याचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर त्या छतावरून सव्वातीन-साडेतीन लाख लिटर. साठ घरं, घरात चार माणसं, माणशी १३५: दहा दिवसांचं पाणी. चांगलंच आहे, पण ते बोअरमध्ये सोडताना खालचा काळा पाषाण कुठे फुटलेला आहे हे भूजलवाल्याला विचारून सोडा. अखंड खडकात सोडलं तर खड्डा भरतो आणि पाणी रस्त्यावर. नियमाचा खड्डा झाला, पुनर्भरण नाही.

वळचण
धागा काढल्याचं चीज झालं. आता मूळ प्रश्नाकडे. पुढच्या रविवारी विशेष सभा आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९-अच्या प्रक्रियेप्रमाणे आम्ही पीएमसी नेमणारच आहोत (महापालिका नव्हे, प्रकल्प सल्लागार, आमच्याकडे यावरून अर्धा तास गोंधळ झाला होता). करारात नेमकं काय लिहून घेऊ?

लोखंडी_सळई
माझ्याकडून. स्ट्रक्चरल आणि एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) इंजिनियरची नेमणूक प्लॅन दाखल व्हायच्या आधी, आणि त्या दोघांच्या सहीचा आराखडा सोसायटीला दाखवल्याशिवाय प्लॅन पुढे जाणार नाही. ट्रान्स्फर मजला असेल तर का, याचं लेखी कारण आणि त्याशिवायचा एक पर्याय. काँक्रीट आणि लोखंडाचं प्रमाण चौरस मीटरला किती, तिन्ही बिल्डरांकडून मागवा. अंदाजे चालेल. नुसतं मागितलं तरी समोरचा सावध होतो. आणि तुमचा स्वतःचा इंजिनियर ठेवा, बिल्डरने ज्याला पैसे दिलेत तो नको.

थंडोबा
आरईटीव्ही १५च्या आत, गणिताच्या शीटसकट. पश्चिमेच्या भिंतीचा थर-न्-थर ड्रॉइंगवर. 'प्री-सर्टिफाइड' म्हणजे फक्त डिझाइनचं आश्वासन, म्हणून बांधून झाल्यावरचं अंतिम प्रमाणपत्र ताब्याशी जोडा. राज्याच्या नियमावलीत ग्रीन रेटिंगला ३, ५, ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो, तो बिल्डर घेणार असेल तर त्याची जबाबदारीही त्याचीच. आणि ताब्यानंतर एक वर्ष वीज-पाण्याचे मीटर वाचून अहवाल द्यायचं काम एमईपीवाल्याच्या फीमध्ये आत्ताच घाला. त्याची शेवटची दहा-पंधरा टक्के रक्कम त्या अहवालानंतर.

गिलावा
ब्लॉक आणि आरसीसीच्या सांध्याची जाळी गिलावा मारण्याआधी मजलावार फोटोत. सोसायटीच्या माणसाने सही केल्याशिवाय गिलावा नाही. आम्ही साइटवाले शिव्या घालू, पण करू.

शटरिंगवाला
हे सगळं मागा, आणि मग चौथा बिल्डर शोधा, कारण हे तिघे पळतील. गंमत नाही करत. छोट्या प्लॉटवर मार्जिन नसतं. जास्तीत जास्त दोन गोष्टी मागा आणि त्या सोडू नका. माझ्या मते स्वतःचा इंजिनियर आणि पश्चिमेची भिंत.

वळचण
शटरिंगवाल्यांचा सल्ला व्यवहाराचा आहे. त्या दोन आणि थंडोबांचं ताब्यानंतरचं वर्ष, अशा तीन गोष्टी ठरावात घालतो. स्वतःच्या इंजिनियरची फी मात्र सभासदांनी भरायची, आणि तिथेच गाडी अडणार. मार्बल की व्हिट्रिफाइड यावर तीन सभा झाल्यात, फीसाठी माणशी पाच-सात हजार म्हटलं की कोरम राहणार नाही.

आजीबाईचा_बटवा
माझे पाच हजार लिही. लिफ्ट मात्र पहिल्या दिवसापासून चालू पाहिजे.

तिरकस
थंडोबा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आमच्या 'गोल्ड'मधली पश्चिमेची बेडरूम आहे, मायव्हान, सातवा मजला. आतून काय लावता येईल आणि खोली किती इंच कमी होईल ते सांगा.

थंडोबा
पाहिला. खोलीचं माप आणि पलंग कुठल्या भिंतीला आहे ते पाठवा. खिडकीला बाहेरून काही लावायला सोसायटी परवानगी देते का तेही विचारून ठेवा, कारण भिंतीआधी खिडकी.